स्त्रियांचे मौन आणि टीकाकारांची घाई

धर्मग्रंथाचा साहित्य म्हणून अभ्यास करावयाचा म्हणजे त्यातला धर्म उंबऱ्याबाहेर ठेवावयाचा, हा समज विद्यापीठीय समीक्षेत इतका रुळला आहे की तो केवळ समज आहे याचेही भान उरलेले नाही. शुभवर्तमानांच्या बाबतीत या अभ्यासाची रीत ठरून गेली आहे. उतारा घ्यावा, निवेदक, कालक्रम, पुनरुक्ती, प्रतिमा यांची नोंद करावी, 'खुला शेवट', 'संदिग्धता', 'वाचकाचा सहभाग' असे दोन-चार शब्द पेरावेत, आणि ईश्वराचा प्रश्न समोर आला की तो श्रद्धेचा प्रांत म्हणून दुरून नमस्कार करून मोकळे व्हावे. समोरच्या बाजूला प्रवचनपीठ आहे. तेथे उताऱ्याची भाषा, त्याची रचना, त्याच्या हस्तलिखितांचा इतिहास ही सारी टरफले. आतला दाणा म्हणजे सिद्धांत, आणि तो टरफल फोडण्यापूर्वीच ठाऊक असतो. हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी भासतात. प्रत्यक्षात त्यांचा एका मुद्द्यावर पक्का समझोता आहे: उताऱ्याचे रूप एकाचे आणि त्याचा ईश्वरविषयक अर्थ दुसऱ्याचा. एकदा वाटणी झाली की भांडण्याचे कारण उरत नाही, आणि वाचण्याचेही उरत नाही.

ही वाटणी खोटी आहे. ते सामान्य विधानांनी सिद्ध होणार नाही. एखाद्या उताऱ्याशी झोंबूनच दाखवावे लागेल. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील पहिली आठ वचने या कामी सर्वांत योग्य, कारण दोन्ही पक्षांची सर्वाधिक पंचाईत तेथेच होते.

प्रसंग सुपरिचित आहे. शब्बाथ संपल्यावर मग्दालीया मरिया, याकोबाची आई मरिया आणि सलोमे या तीन स्त्रिया येशूच्या देहाला लावण्यासाठी सुगंधी द्रव्ये विकत घेतात आणि भल्या पहाटे कबरीकडे निघतात. तोंडावरची धोंड कोण लोटून देईल, ही त्यांची वाटेतली विवंचना. जाऊन पाहतात तो ती प्रचंड धोंड बाजूला झालेली, आणि आत उजव्या हाताला शुभ्र झगा घातलेला एक तरुण बसलेला. तो त्यांना सांगतो की ज्या क्रुसावर खिळलेल्या नासरेथकराला त्या शोधीत आहेत तो उठवला गेला आहे, तो येथे नाही. त्यांनी जाऊन शिष्यांना, आणि पेत्राला, निरोप द्यावा की तो त्यांच्यापुढे गालीलात जात आहे आणि त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे तेथे त्यांना त्याचे दर्शन होईल. स्त्रिया बाहेर पडतात आणि पळत सुटतात. कंप आणि विस्मय यांनी त्यांना घेरलेले असते. त्या कोणालाच काहीच सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात.

येथे ग्रंथ संपतो. ग्रीक संहितेतील अखेरचा शब्द 'गार' हे कारणवाचक अव्यय आहे. ग्रीक वाक्यात ते दुसऱ्या स्थानी येते, त्यामुळे दोनच शब्दांचे वाक्य असले की आपोआप शेवटी पडते. मराठीत त्याचा तोल नेमका साधत नाही. 'भ्याल्या होत्या ना' एवढे म्हणून बोलणारा थांबला तर जसे वाटेल तसे काहीसे. उत्थानाची वार्ता सांगण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाच्या अखेरीस उत्थित येशू दिसत नाही, आणि वार्ता ज्यांच्यावर सोपविली त्या ती सांगत नाहीत.

चौथ्या शतकातील कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस ही दोन महत्त्वाची हस्तलिखिते या आठव्या वचनावरच थांबतात. अचूक प्रतींमध्ये ग्रंथ येथे संपतो, अशी नोंद युसेबियसने त्याच शतकात केली आणि जेरोमने ती पुढे चालविली. बहुसंख्य उत्तरकालीन प्रतींत मात्र नऊ ते वीस या वचनांचा 'दीर्घ शेवट' आढळतो, काहींत 'लघु शेवट' म्हणून ओळखला जाणारा दोन-तीन ओळींचा मजकूर त्याच्या आधी येतो, आणि बोबिएन्सिस या जुन्या लॅटिन प्रतीत केवळ लघु शेवटच आहे. दीर्घ शेवट काही कालचा नव्हे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इरेनीअसने त्यातील एक वचन मार्कचे म्हणून वापरले आहे. तरीही तो मार्कच्या हातचा नाही, यावर आज पाठचिकित्सकांचे बव्हंशी एकमत आहे. सांधा उघडच दिसतो. मग्दालीया मरियेचे नाव पहिल्या वचनात येऊन गेलेले असताना नवव्या वचनात 'जिच्यातून सात भुते काढली ती' अशी तिची नव्याने ओळख करून दिली जाते. बाकीच्या दोघी गडप होतात. आणि सातव्या वचनातील गालीलचा वायदा पुढील बारा वचनांत पुरा होत नाही. ज्याने हा मजकूर जोडला त्याला त्या वायद्याची आठवणही राहिलेली दिसत नाही.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे शाळकरी वयापासून ऐकत आलेल्या मराठी अभ्यासकाला प्रक्षेप म्हणजे काय ते समजावून देण्याचे कारण नाही. परंतु प्रक्षेप ओळखला आणि कंसात टाकला म्हणजे काम संपले, ही समजूत घातक आहे. प्रक्षेप हा एक वाचनप्रकार असतो. मूळ संहितेत जे सोसले नाही त्याची कबुली त्यात दडलेली असते.

आणि मार्कचे मौन पहिल्यापासूनच कोणाला सोसलेले नाही. मत्तय आणि लूक या दोघांनी मार्कचा ग्रंथ आधाराला घेतला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तयाच्या स्त्रिया भयाने, पण मोठ्या आनंदानेही, शिष्यांना सांगण्यासाठी धावतात. लूकच्या स्त्रिया अकरा जणांना सारे सांगतात, आणि त्या अकरांना ते बरळणे वाटते. दोघांनीही निरोप पोहोचता केला. दीर्घ शेवटाने त्याच्याही पुढे जाऊन दर्शने, आज्ञा, चिन्हे आणि स्वर्गारोहण असा भरगच्च समारोप रचला. त्यातील अठराव्या वचनात श्रद्धावंत साप हाती धरतील आणि विष प्यायले तरी त्यांना बाधा होणार नाही, असे म्हटले आहे. अमेरिकेतील ॲपालाचियन डोंगरपट्टीतल्या काही मंडळ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते अक्षरशः आचरणात आणले. या प्रथेचा प्रमुख प्रसारक जॉर्ज हेन्सली १९५५ साली फ्लॉरिडात सर्पदंशाने मरण पावला. टेनेसी राज्याने त्यापूर्वीच, १९४७ साली, ही प्रथा कायद्याने बंद केली होती. पाठचिकित्सा हा फावल्या वेळचा पंडिती छंद आहे असे मानणाऱ्यांनी या मृत्यूंचा एकदा विचार करावा.

मराठीने मार्क प्रथम वाचला तोही शिवलेला मार्क. १६१६ सालच्या क्रिस्तपुराणात थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केले ते चारही शुभवर्तमानांची एक अखंड कथा करून. पुराणाच्या घाटात अर्धवट वाक्यावर थांबण्याची सोयच नसते, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढे सेरामपूरचा नवा करार १८११ साली आला आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा १८२६ साली. टिशेनडॉर्फला सिनाय पर्वतावरील मठात सिनायटिकसची पहिली पाने दिसली १८४४ साली. वेस्टकॉट आणि हॉर्ट यांची चिकित्सित ग्रीक संहिता प्रसिद्ध झाली १८८१ साली. म्हणजे मार्कच्या शेवटाविषयीचा वाद विद्वानांत पेटण्यापूर्वीच मराठी वाचकाच्या कानांत दीर्घ शेवट बसून गेला होता. प्रवचनपीठाचा मार्क अद्यापही तोच आहे. आठव्या वचनातली भीती तेथे नवव्या वचनापर्यंतच टिकते.

एवढ्यावरून असे वाटेल की दोष सारा धर्मोपदेशकांचा, आणि साहित्यसमीक्षकांनी तरी आठव्या वचनाला न्याय दिला. तसे झालेले नाही. समीक्षकांनी दुसऱ्या रीतीने ते वचन निकामी केले.

या बाजूचे सर्वांत समर्थ उदाहरण फ्रँक कर्मोड यांचे. हार्वर्ड येथे १९७७-७८ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेला त्यांचा 'द जेनेसिस ऑफ सीक्रसी' हा ग्रंथ १९७९ साली आला आणि शुभवर्तमानांकडे कथनमीमांसेच्या अंगाने पाहण्याची वाट त्याने अनेकांना मोकळी करून दिली. चौथ्या अध्यायात येशू आपल्या निकटवर्तीयांना राज्याचे रहस्य दिले आहे असे म्हणतो आणि बाहेरच्यांसाठी सर्व काही दृष्टांतांतून चालते, त्यांनी पाहूनही पाहू नये म्हणून, असे सांगतो. कर्मोड यांनी हे वचन कळीचे मानले. त्याला काफ्काच्या कायद्याच्या दरवाजाची जोड दिली, गेथशेमानेत तागाचे वस्त्र टाकून उघडाच पळालेल्या तरुणाशेजारी जॉइसच्या 'युलिसिस'मधील रेनकोटवाला अनोळखी माणूस उभा केला, आणि शेवटच्या 'गार'पाशी येऊन ते अशा निष्कर्षाला पोहोचले की कथन आपले रहस्य राखून ठेवते, अर्थ लावणारा कायम बाहेरच राहतो, आणि दरवाजा अखेर आपल्या तोंडावर बंद होतो.

विवेचन देखणे आहे, आणि त्यातील तपशिलांची जाण थक्क करणारी आहे. परंतु त्यात एक हातचलाखी झाली आहे. मार्कच्या ग्रंथात रहस्य हे एका विशिष्ट गोष्टीचे रहस्य आहे. ईश्वराचे राज्य क्रुसावर मेलेल्या माणसात कसे आले याचे. कर्मोड यांनी त्यातली 'विशिष्ट गोष्ट' वजा केली आणि रहस्य तेवढे ठेवले. मग मार्क, काफ्का आणि जॉइस एका रांगेत बसले यात नवल नाही. जे वजा केले तेच त्यांना वेगळे ठेवीत होते. त्याच चौथ्या अध्यायात, दहा वचने पुढे, जे झाकलेले आहे ते प्रगट व्हावे म्हणूनच झाकलेले आहे, अशा आशयाचे विधान येते. त्याचे वजन त्यांच्या मांडणीत फार हलके झाले आहे. आणि सोळाव्या अध्यायात ते आठव्या वचनावर रेंगाळतात तेवढे सातव्यावर रेंगाळत नाहीत. त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी तर सातवे वचन जवळजवळ सोडूनच दिले. 'खुला शेवट' हे बिरूद चिकटविले की दार उघडे आहे एवढेच कळते. ते कोठे उघडते हे विचारावयाचे राहून जाते.

कर्मोड यांच्यापूर्वी तीन दशके, इस्तंबूलच्या आश्रयात लिहिलेल्या आणि १९४६ साली बर्न येथे प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस'मध्ये एरिक आउअरबाख यांनी मार्कमधील पेत्राच्या नकाराचा प्रसंग घेतला होता. अंगणातील शेकोटी, दासीचा प्रश्न, कोळ्याची गाळण. एका यःकश्चित माणसाच्या मनातील अशी उलथापालथ अभिजात ग्रीक-रोमन साहित्याला गंभीर शैलीत चितारताच आली नसती, कारण खालच्या थरातील माणूस तेथे विनोदाचा विषय. हे शैलीचे मिश्रण शुभवर्तमानात शक्य झाले ते ईश्वर हलक्या स्थितीत अवतरला या कथेमुळे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येथे शैलीचे विश्लेषण आणि ईश्वरविषयक अर्थ यांच्यात भिंत नाही. शैलीचा प्रश्न शेवटपर्यंत नेला की तोच ईश्वरविज्ञानाचा प्रश्न ठरतो. आउअरबाख श्रद्धाळू ख्रिस्ती म्हणून हे लिहीत नव्हते. ते ज्यू होते आणि रोमान्स भाषांचे अभ्यासक होते. आश्चर्य याचे की 'मिमेसिस' आपल्या अभ्यासक्रमांतून वास्तववादाचा ग्रंथ म्हणून शिकविला जातो आणि हे प्रकरण त्यातून अलगद गळते.

आता उताऱ्याकडे त्या दृष्टीने पाहावे. मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयासाठी सहा लिंगे सांगितली: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ती वेदवाक्यासाठी आहेत आणि मार्कचा ग्रंथ उघडच पौरुषेय आहे, हे लक्षात ठेवूनही हत्यार म्हणून त्यांचा उपयोग करून पाहण्यास हरकत नाही. पहिल्याच लिंगापाशी अडते. उपक्रम स्पष्ट आहे. ग्रंथाचा पहिला शब्दच 'आरंभ' असा आहे. उपसंहार नाही. मग अभ्यासाकडे, म्हणजे पुनरुक्तीकडे, वळावे लागते, आणि तेथे उतारा बोलू लागतो.

स्त्रिया पळाल्या, हे क्रियापद नवे नाही. चौदाव्या अध्यायात येशूला पकडल्यावर सारे शिष्य पळतात. दोन वचनांनंतर तो वस्त्र टाकलेला तरुण पळतो. आता या पळतात. बाराही गेल्यानंतर दुरून का होईना क्रुसाकडे पाहत उभ्या राहिलेल्या या शेवटच्या. त्यांच्या पळण्याने शिष्यत्वाची उरलीसुरली पुंजीही संपते. त्यांनी कोणालाच काहीच सांगितले नाही, हा दुहेरी नकारही नवा नाही. पहिल्या अध्यायात येशू बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला हाच दुहेरी नकार वापरून गप्प राहण्यास बजावतो, आणि तो जाऊन गावभर सांगतो. ज्याला बोलू नको म्हटले तो बोलला. ज्यांना बोला म्हटले त्या गप्प राहिल्या. सोळा अध्यायांच्या दोन टोकांना ठेवलेली ही जोडी योगायोगाची म्हणता येणार नाही.

भीतीची पुनरुक्ती याहून महत्त्वाची. वादळ शमल्यावर शिष्य मोठ्या भयाने भितात. रक्तस्रावाने पीडित स्त्री बरी झाल्यावर भीत व कापत पुढे येते. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला काय बोलावे ते सुचत नाही, कारण ते सारे भयभीत झालेले असतात. मार्कमध्ये मनुष्य ईश्वराच्या कृतीजवळ पोहोचला की भितो. दूर असला की भीत नाही, वाद घालतो.  आणि दहाव्या अध्यायात, यरुशलेमच्या वाटेवर, येशू पुढे चालला आहे आणि मागून येणारे भीत आहेत असे एक चित्र येते. 'पुढे जाणे' याचे तेथील क्रियापद तेच आहे जे चौदाव्या अध्यायातील वायद्यात आणि सोळाव्या अध्यायातील निरोपात वापरले आहे. तो पुढे, आणि मागे भ्यालेली माणसे, ही मार्कच्या शिष्यत्वाची मूर्ती आहे. आठव्या वचनातील भीती म्हणजे अश्रद्धा, असे प्रवचनकार मानतो. ती अनिश्चिततेची सौंदर्यात्मक छटा आहे असे समीक्षक मानतो. संहितेने त्या भीतीला सहा अध्याय आधीच जागा नेमून दिलेली आहे. ती त्याच्या मागे चालणाऱ्यांची भीती आहे.

सातव्या वचनाला जो भार आहे तो यामुळे. तेथील 'सांगून ठेवल्याप्रमाणे' हे शब्द वाचकाला चौदाव्या अध्यायातल्या एका संवादाकडे परत पाठवितात. तुम्ही सर्व अडखळाल, असे येशू तेथे म्हणतो आणि त्याच श्वासात, उठवला गेल्यावर मी तुमच्यापुढे गालीलात जाईन, असेही म्हणतो. पेत्र अडखळण्याचे नाकारतो. पुढे एकेक बोल खरा ठरतो: एकाने धरून दिले, सारे पळाले, कोंबडा दुसऱ्यांदा आरवला. अपयशाचे प्रत्येक भाकीत कथेत तपशिलाने पुरे झाल्यावर एकच उरते, गालीलचे. आणि ते कथेच्या बाहेर ठेवलेले आहे. वाचकाने त्यावर विश्वास ठेवावा याला आधार कोणता? ज्याने तुमचे पळणे अचूक सांगितले त्यानेच हेही सांगितले, इतकाच. स्त्रियांच्या यशस्वी निरोपाचा आधार मार्कने मुद्दाम काढून घेतला आहे. निरोप त्यांच्या धैर्यावर टिकला असता तर चौदाव्या अध्यायातील पेत्राची फुशारकीच अखेर योग्य ठरली असती. आणि म्हणूनच 'आणि पेत्राला' ही जोड. शिष्यांत पेत्र येतोच. तरी ज्याने नाकारले त्याचे नाव वेगळे घेतले आहे. या उताऱ्याचा ईश्वरविषयक अर्थ म्हणजे त्याच्या मागे उभे असलेले एखादे सूत्र नव्हे. मनुष्याच्या बाजूचे सर्व टेकू काढून घेतल्यानंतर वचन तेवढे उभे राहते, आणि ते टेकू काढण्याचे काम या रचनेने केले आहे.

रचनेबरोबर व्याकरणही तेच करते. 'क्रुसावर खिळलेला' यासाठी ग्रीकमध्ये पूर्णकालिक धातुसाधित आहे. झालेल्या कृतीची स्थिती अद्याप चालू आहे असा त्याचा अर्थ. जो उठवला गेला तो खिळलेलाच आहे. क्रूस ही मागे टाकलेली पायरी नाही. 'उठवला गेला' हे कर्मणी रूप आहे. आठव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायांतील भाकितांत मार्कने पुन्हा उठण्यासाठी वेगळे, कर्तरी क्रियापद वापरले होते. येथे आणि चौदाव्या अध्यायात मात्र हे. काही वैयाकरण या रूपाचा अकर्मक अर्थही घेतात, तो मुळीच अशक्य नाही. पण शब्दाची निवड बदलली आहे हे नाकारता येत नाही, आणि उठविणारा कोण हे न सांगता सांगण्याची ज्यू परिपाठातील रीत मार्कच्या वाचकाला परिचित होती. मराठीत 'उठला' हे रूप रूढ झाले आहे. ते ओघवते आहे, 'उठवला गेला' हे कानाला जड जाते, आणि भाषांतरकाराने कानाचे ऐकले यात त्याचा दोष किती हा प्रश्नच आहे. परंतु 'उठला' म्हणताच एका कर्त्याचा लोप होतो. निजलेला माणूस उठतो तसा तो उठला असे होते. प्रवचनकाराला हा लोप खटकत नाही, कारण सिद्धांत त्याला दुसरीकडून मिळालेला असतो. समीक्षकाला खटकत नाही, कारण त्या कर्त्याशी त्याला कर्तव्य नसते. व्याकरणाच्या एका प्रत्ययात ईश्वराची उपस्थिती आहे किंवा नाही, हा प्रश्न साहित्याचा की धर्माचा, ते वाटणी करणाऱ्यांनी सांगावे.

मीमांसेचे हत्यार आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते, ते मोडते म्हणून. मीमांसकांच्या मते कथन हा अर्थवाद. त्याचे प्रामाण्य विधीच्या आश्रयाने. गोष्ट सांगावयाची ती आज्ञेची स्तुती व्हावी म्हणून. दीर्घ शेवटाच्या कर्त्याने नकळत हाच न्याय लावला. पंधराव्या वचनात सर्व जगात जाऊन घोषणा करण्याचा विधी आला, आणि मागची कबरीची गोष्ट त्या विधीचा अर्थवाद होऊन बसली. खऱ्या मार्कमध्ये क्रम उलटा आहे. जा आणि सांगा, हा विधी सातव्या वचनात येतो, आठव्यात तो मोडला जातो, आणि तरीही कथन कोसळत नाही. कारण विधीच्या पोटात वायदा आहे आणि वायदा पाळणारा विधी पाळणाऱ्यांहून वेगळा आहे. 'हा सारा व्यंग्यार्थ' असे म्हणून ध्वनिवाद्यांनीही येथे घाई करू नये. व्यंग्यार्थ वाच्यार्थाच्या खांद्यावर उभा असतो, आणि येथील वाच्यार्थ, म्हणजे कोण कोणाला काय सांगून ठेवले होते तो, पुरता वाचला गेलेला नाही.

स्त्रियांना अपयशी दाखविण्यात मार्कची स्त्रीविषयक अढी दिसते, असा एक आक्षेप ऐकू येतो. तो सहज झटकण्याजोगा नाही. पण बेथानीतील ज्या अनाम स्त्रीने येशूच्या मस्तकावर तेल ओतले तिने त्याच्या देहाला पुरण्यापूर्वीच अभ्यंग केले, आणि जेथे जेथे शुभवर्तमानाची घोषणा होईल तेथे तिची आठवण सांगितली जाईल, असे मार्कनेच लिहिले आहे. एलिझाबेथ शुसलर फिओरेन्झा यांनी १९८३ साली आपल्या ग्रंथाला 'इन मेमरी ऑफ हर' हे नाव दिले ते याच वचनावरून. कबरीकडे द्रव्ये घेऊन निघालेल्या तिघी एका स्त्रीने आधीच केलेले काम करावयास निघाल्या आहेत. त्यांचे चुकणे शिष्यांचे चुकणे आहे.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथापुरता नाही, हे वेगळे सांगावयास हवे काय? संतांचे अभंग 'काव्य म्हणून' शिकवताना त्यांतील विठ्ठलाला प्रतिमा म्हणून हजेरी लावून बाहेर बसविण्याची प्रथा याच वाटणीची आहे. मार्कवर जे घडले ते तेथेही रोज घडते. फरक इतकाच की तेथे आपण सरावलो आहोत.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप पाठचिकित्सकांचा. मार्कचे अखेरचे पान हरवले असेल तर? बुल्टमान यांच्यासारखा अभ्यासक मूळ शेवट नष्ट झाला असे मानीत होता, आणि आजही तसे मानणारे आहेत. 'गार'वर ग्रंथ संपणे अशक्य, हा त्यांचा जुना युक्तिवाद व्हॅन डेर हॉर्स्ट यांनी १९७२ साली खोडून काढला. प्लोटायनसचा एक निबंधच त्या अव्ययावर संपतो. पण शक्य असणे म्हणजे तसे घडलेले असणे नव्हे, आणि पान हरवण्याची शक्यता कोणीही निकालात काढू शकत नाही. व्हॅटिकॅनसच्या लेखनिकाने आठव्या वचनानंतर एक पूर्ण स्तंभ कोरा सोडला आहे. त्याच्या मनात काय होते यावर अद्याप वाद चालू आहे. तरीही दहाव्या आणि चौदाव्या अध्यायांची पाने हरवलेली नाहीत. पुढे जाणारा आणि मागे भिणारे, अपयशाचे भाकीत आणि त्यालाच जोडलेला वायदा, ही मांडणी हाती असलेल्या संहितेतच आहे. हरवलेल्या पानात गालीलची भेट असली तरी ती भेट पळालेल्यांशीच झाली असती.

आणि ग्रीक जुन्या करारात या वाक्याचा एक पूर्वज आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात म्हातारपणी मुलगा होणार हे तंबूच्या दाराआडून ऐकून सारा हसते. का हसलीस असे विचारताच ती आपण हसलोच नाही म्हणते, कारण ती भ्यालेली असते. ग्रीक भाषांतरात ते वाक्य 'भ्याली' या क्रियापदावर आणि 'गार' या अव्ययावर संपते, दोनच शब्दांत. तिचे खोटे तेथल्या तेथे उघडे पाडले जाते. वायदा मात्र मागे घेतला जात नाही, आणि तीन अध्यायांनंतर इसहाक जन्माला येतो.